गौरीचं उलटं पाऊल

१

मुलाचा जुना मित्र चारुदत्त गौरीजेवणाला आला नाही, याचा माईंना आलेला राग तीन आठवडे झाले तरी उतरला नव्हता. आणि माईंना राग आला की तो त्या स्वतःपाशी ठेवून घेत नसत, घरातल्या प्रत्येकाच्या ताटात थोडा थोडा वाढत.

"मिरजेहून इथं आला तेव्हा याला साधा वरणभात जमत नव्हता," गवार मोडता मोडता त्या सुनेला ऐकवत होत्या. "माझ्या हातचं खाऊन माणसात आला. यंदा गौरी आणायला आला, घंटा बडवली, आणि जेवणार नाही म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट वाढलं तर नुसता निरोप. संध्याकाळपर्यंत ताट झाकून ठेवलं मी. तो महागडा तलाववाला काँडो घेतला की माणसाची भूक मरते का गं?"

"आई, त्यांच्या बँकेत ऑडिट होतं." मीनलची नजर लॅपटॉपवरून हलली नाही.

"गौरी काय बँकेला विचारून येतात?"

मीनल टाइप करत राहिली. पण माईंचं पुढचं वाक्य काय येणार ते तिला ठाऊक होतं, आणि ते आलंच.

"आणि ते पाऊल."

"ते मी काढलेलं नव्हतं. किती वेळा सांगू? फोटो आहे माझ्याकडे."

परदेशातला हा वुडलँड्सचा फ्लॅट तो केवढा, पण दारापासून स्वयंपाकघर, तिथून देवघराचा कोपरा, तिथून आतल्या दोन खोल्या, असं माईंनी तांदळाच्या पिठीत मूठ बुडवून गौरीचं एकेक पाऊल उमटवलं होतं. बोटं आतल्या बाजूला, टाच बाहेर. गौरी घरात येते ती अशी. सगळ्यांनी त्या पावलांवरून घंटा वाजवत मुखवटे घरभर फिरवले तेव्हा सगळं नीट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर नातवाच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी एक पाऊल उलटं. बोटं बाहेर. आलेली लक्ष्मी निघाल्यासारखी. माईंनी सणाच्या दिवशी सुनेला बोल लावला, आणि सुनेनं हट्टानं त्या पावलाचा फोटो काढून ठेवला.

भांडण पुन्हा पेटायचं, तेवढ्यात दार उघडलं. तन्मय आत आला तो बूट न काढताच. या घरात बूट घालून आत यायची कुणाची छाती नव्हती. माई बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांनी त्याचा चेहरा पाहिला.

"आजी," तो म्हणाला, "मला कॉलेजातून काढतायत."

२

माईंनी आधी त्याला पाणी दिलं, मग बूट काढायला लावले, मग विचारलं.

तन्मयच्या कॉलेजात आणि शेजारच्या चारदोन कॉलेजांत यंदा एक नवीन सुरू झालं होतं. फुटबॉलच्या सामन्यात गोलासमोरच्या चौकोनात कुणी पडला, तर पेनल्टी द्यायची की नाही हे रेफरी ठरवत नव्हता. मैदानाभोवतीच्या कॅमेऱ्यांतून एक यंत्र बघे, ठरवे, आणि रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरे. ते यंत्र तन्मयच्या वर्गानं तयार केलं होतं.

"त्या यंत्राला अक्कल कुठनं आली?" माईंनी विचारलं.

"आम्ही शिकवली. जुन्या मॅचचे छोटे छोटे तुकडे दाखवायचे. याला पाडलं, याला नाही पाडलं, असं प्रत्येकावर लावायचं. दाखवत गेलं की त्याचं ते शिकतं."

"म्हणजे तान्ह्या पोरासारखं. घरात जे बघेल ते उचलेल."

"हो. आणि कुणीतरी त्याला खोटं दाखवलंय."

तुकडे लावायचं काम पुष्कळ होतं, म्हणून दर शनिवारी चारुदत्तच्या काँडोच्या हॉलमध्ये मुलं आणि त्यांचे पालक जमायचे. चिवडा खात खात मोबाइलवर दोन बटणं दाबायची. मतं सगळ्यांची, पण वाद झाला तर तन्मयनं लावलेलं शेवटचं. उपांत्य सामन्यात चारुदत्तचा मुलगा नील दोनदा पडला. आसपास कुणी नव्हतं. यंत्रानं दोन्ही वेळा पेनल्टी दिली, तन्मयचं कॉलेज जिंकलं. समोरच्या कॉलेजानं तक्रार केली, तेव्हा उघडून पाहिलं. बरेच तुकडे 'नाही पाडलं'चे 'पाडलं' झालेले. तन्मयच्या नावानं. तन्मयच्या लॅपटॉपवरून. गौरी आल्या त्या संध्याकाळी.

"त्या वेळी तर मी तुला खाली विड्याची पानं आणायला पाठवलं होतं."

"घरच्यांची साक्ष कमिटीवरचे मिस्टर गोह धरत नाहीत, आजी. लॅपटॉप उघडा टाकून गेलो, तोही दोष माझाच म्हणतात. सोमवारी सकाळी कमिटी आहे."

पुढचं त्यानं सांगितलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. कॉलेज सुटलं की इथं राहून शिकायचा परवाना, तो स्टुडंट पास सुटतो, पास सुटला की देश सुटतो. मुलगा पुण्याला परत, कपाळावर शिक्का घेऊन.

"त्या खोलीत त्या दिवशी कोण कोण गेलं?"

"पाहुण्यांच्या बॅगा तिथंच होत्या. आर्या बॅग घ्यायला गेली. नील चार्जर शोधत होता. चारूकाकांनी ऑफिसची बॅग ठेवली."

मीनल इतका वेळ उभीच होती. आता ती मुलाजवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तन्मय, मला खरं सांग. तूच नाही ना केलंस?"

तन्मय आईकडे बघत राहिला. मग खोलीत गेला आणि आतून कडी लावली.

३

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी माई ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर बसल्या होत्या. बसल्या म्हणायचं, दर थोड्या वेळानं उठून लिफ्टकडे बघून येत होत्या. आर्याला त्यांनीच बोलावलं होतं. मुलगी तन्मयच्या वर्गातली, मुलींच्या संघाची गोलकीपर, आणि तन्मयला काढलं तर यंत्राचं काम तिच्या हाती येणार होतं. हे माईंनी शैलेंद्रकडून, म्हणजे आपल्या मुलाकडून, रात्रीच काढून घेतलं होतं.

"तुझं नि तन्मयचं भांडण झालं होतं?" त्यांनी वळसे घेतले नाहीत.

"झालं होतं, आजी. माझे तुकडे तो बदलायचा. पण आम्ही भांडतो ते समोरासमोर."

"गौरीच्या दिवशी पावलं काढायला तू माझ्याजवळ बसली होतीस. मूठ वळून दाखव बरं."

आर्यानं हात पुढे केला. उजव्या हाताच्या करंगळी आणि शेजारच्या बोटाला एकत्र पट्टी गुंडाळलेली, डावं मनगट जाड पट्ट्यात. कीपरचे हात. मूठ अर्धीच मिटत होती. माईंना आठवलं, स्वयंपाकघरात या पोरीनं काढलेली पावलं मधोमध पोकळ उमटली होती, आणि त्यांनीच हसून म्हटलं होतं, तुझी गौर कोल्ह्यासारखी चवड्यावर चालते.

"कधीपासून आहे हे?"

"जुलैपासून. अजून दोन महिने राहील म्हणतात." आर्यानं हात मागे घेतला. "आजी, एक विचारू? बदललेले तुकडे मी पाहिलेत. सगळे प्रॅक्टिसचे आहेत. सगळ्यांच्या अंगात सारखीच पिवळी बंडी, पाठीवर नंबर नाही, कॅमेरा पार लांब. कॉलेजवाले म्हणतात प्रत्येकात पडणारा नीलच आहे. मला तर बघूनसुद्धा सांगता येत नव्हतं. तन्मयलाही नाही यायचं."

"मग बदलणाऱ्याला कसं आलं?"

आर्यानं खांदे उडवले. माई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"नील कुठं सापडेल आत्ता?"

४

नील मैदानाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, घामेजल्या अंगानं नूडल्स खात होता. माईंना बघून तो उभा राहिला, एवढं वळण चारुदत्तनं लावलं होतं. त्याची आई अनघा माहेरच्या आजारपणासाठी गणपतीच्या आधीपासून पुण्यात होती, तेव्हा सध्या घरात बाप-लेक दोघंच.

"आजी, I never touch his laptop lah. Charger घेतला, बाहेर आलो. तन्मय माझा friend आहे."

"जाताना उंबऱ्यावरच्या पावलांवर पाय दिलास?"

नील विचारात पडला. "ते stickers? माहीत नाही. आमच्याकडे पण stickers आहेत, बाबा ॲमेझॉनवरून मागवतात. पुसले जात नाहीत."

माईंनी तन्मयकडे बघितलं. तन्मयला कडीमागून बाहेर काढून त्यांनी बरोबर आणलं होतं, आणि तो दोन पावलं मागे उभा राहून पायानं जमीन उकरत होता.

"दाखव त्याला ते."

कमिटीनं पुरावा म्हणून पाठवलेले तुकडे तन्मयनं मोबाइलवर लावले. नील बघत गेला, चमच्यातल्या नूडल्स तशाच लोंबत राहिल्या.

"This one me. हा पण मी. हा पण." त्याचे कान लाल झाले. "आजी, इथं मी... मुद्दाम पडलो. कोच म्हणतो हात लागला की खाली जा."

"आणि परवाच्या सामन्यात? हात लागला होता?"

"नव्हता."

"हं. त्याचं नंतर बघते. पुढचा लाव."

पुढच्या तुकड्यात पाठमोरा एक मुलगा रिकाम्या मैदानात धावता धावता तोंडावर आपटला. चौकोनात दुसरं कुणीच नव्हतं. नील खो खो हसला.

"अय्यो, this one. माझी लेस सुटली होती. स्वतःच्या लेसवर पाय. सगळी टीम हसली. यावर पण 'पाडलं' लावलंय? कोण लावेल असं?"

माईंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मुलगा धावतो, पडतो, गुडघा धरून बसतो. तिसऱ्या वेळी त्या मोबाइलकडे बघत नव्हत्याच. नूडल्सच्या वाडग्यापलीकडे, कुठंतरी लांब बघत होत्या.

"चल तन्मय," त्या उठल्या. "तुझ्या आईचा फोटो बघायचाय मला."

५

मीनलनं फोटो लॅपटॉपवर मोठा केला. तीन आठवडे ज्या फोटोवरून सासू-सुनेत धुसफुस होती, तो दोघी आता डोकं जोडून बघत होत्या.

जुन्या पावलाचा पापुद्रा निघालेला दिसत होता, म्हणजे वाळलेल्या पिठीवर कुणाचा तरी पाय पडला होता. त्याच्यावरच नवीन पाऊल. शेजारच्या पावलांहून चांगलं दोन बोटं मोठं. बोटं उमटवलेली नीट, ओळीनं, ज्याला लहानपणापासून सवय आहे त्याच्यासारखी. आणि तळव्याच्या वरच्या अंगाला एक बारीक आडवी रेघ कोरी, तिच्या टोकाशी गोल ठिपका.

माई तन्मयच्या खोलीत गेल्या. उंबऱ्याच्या आत, पाठ पलंगाकडे, तोंड दाराकडे, अशा गुडघ्यावर बसल्या. मीनल धरायला धावली.

"आई, तुमचे गुडघे."

"राहू दे. पिठाचा डबा आण."

त्यांनी ओली मूठ फरशीवर टेकली, बोटं उमटवली. पाऊल पडलं ते त्यांच्यापासून दूर, बोटं दाराबाहेर.

"बाहेरून आत येणारा काढता तर बोटं आत गेली असती," माई म्हणाल्या. "हा आत होता. काम उरकून निघताना पाय पडला. उरलेल्या पिठीची वाटी मी खोलीच्या दारापाशीच झाकून ठेवलेली होती, त्यानं ती घेतली, घाईघाईत बसला आणि काढलं. आपलं तोंड कुठं आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही."

"चोरी करणारा माणूस पाऊल कशाला नीट करत बसेल?" तन्मय दारात आला होता.

"गौरीवर पाय पडला तर करावंच लागतं. लहानपणी हातावर चापट खाल्लेली असते, ती हात विसरत नाही."

"कोण, आजी?"

 माई मीनलचा हात धरून उठल्या आणि ओट्याकडे गेल्या. चहा टाकला, पहिला कप सुनेपुढे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. मीनलला समजलं. तिनं कप दोन्ही हातांनी धरला.

"शैलेंद्रला सांग, चारूला उद्या दुपारी जेवायला बोलाव," माई म्हणाल्या. "आणि हरभऱ्याची डाळ भिजत घाल."

रात्रभर त्यांच्या खोलीतला पंखा चालू-बंद होत होता. चारुदत्त, ज्याला त्यांनी स्वतःच्या पोरापेक्षा दोन पोळ्या जास्त वाढल्या होत्या. आपलं चुकत असेल, असं त्या शंभरदा म्हणाल्या. पण ते पाऊल चुकीचं नव्हतं.

६

चारुदत्त आला तो पेढे घेऊन आणि बोलत बोलत. कमिटी काही करणार नाही, समज देऊन सोडतील, मिस्टर गोह चांगला माणूस आहे, आपण सगळे पाठीशी आहोत. बोलताना डाव्या अंगठ्यानं उजव्या करंगळीतली अंगठी फिरवत होता. चांदीची, मोत्याची. राग शांत राहावा म्हणून आईनं घालायला लावलेली, ती त्यानं कधी उतरवली नव्हती.

ताटं मांडली. त्याच्या ताटात माईंनी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. शैलेंद्र, मीनल, तन्मय, सगळे बसले.

"जेव," माई म्हणाल्या.

चारुदत्तनं पोळीला हात लावला आणि काढून घेतला. "सणावेगळी पोळी, माई?"

"तुझी राहिली होती. जेव की."

हात ताटाशी गेला नाही. मीनलनं सासूकडे पाहिलं, शैलेंद्रनं बायकोकडे.

"बरं, जेवू नकोस. ऐक," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुकडे बदलले त्या माणसाला लांबून, पाठमोरा, नंबर नसलेला नील ओळखता आला. ते पोरांना जमलं नाही. गर्दीत पाठीवरून पोर कोण ओळखतं? एक तर तो स्वतः, नाहीतर त्याचे आईबाप. आई त्याची पुण्यात होती."

"माई, हे काय—"

"नील स्वतः असता तर त्यानं बुटाच्या नाडीवर पडल्याचा तुकडा सोडून दिला असता. त्यालाच तो बघून हसू आलं. आपलं पोर कुठंही पडलं तरी कुणीतरी पाडलंच असणार, असं वाटणारं काळीज बापाचं असतं. नीलला पावलं म्हणजे चिकटवायची चित्रं वाटतात, त्यानं मूठ कुठनं वळायची? आर्याची मूठ मिटत नाही. आणि उंबऱ्यावरच्या पावलात मोत्याच्या अंगठीची खूण आहे. फोटो बघायचाय?"

चारुदत्तची अंगठी फिरायची थांबली. शैलेंद्र अर्धवट उठला, माईंनी हातानं बसवलं.

"मी खोटं केलं नाही," चारुदत्त शेवटी म्हणाला. "दर शनिवारी बसून बघत होतो मी. माझ्या पोराला लाथ बसली तरी 'नाही पाडलं'. शेवटचं मत तन्मयचं. त्याला नील नाटकी वाटतो. लॅपटॉप उघडा दिसला... मी फक्त दुरुस्त केलं, माई. फायनलला बाहेरच्या क्लबची माणसं बघायला येणार आहेत. नीलला एकच संधी आहे."

"दुरुस्त केलंस?"

"हो."

"मग गौरीपुढचं जेवण का टाळलंस?"

चारुदत्तनं ताट हलकेच मागे सारलं.

"माझ्या हातचं तू तापातसुद्धा टाकलं नाहीस कधी. त्या रात्री बरोबर काम करून निघाला असतास, तर चार पोळ्या हाणल्या असत्यास. तुझ्या पोटाला तेव्हाच कळलं होतं. आजही कळतंय, बघ ताटाकडे."

तन्मय पहिल्यांदा बोलला. "काका, नीलनं शुक्रवारी तुम्हाला सांगितलं होतं? माझ्यावर आल्याचं?"

"सांगितलं," चारुदत्त ताटाकडे बघत म्हणाला. "मला वाटलं सुटशील तू. हुशार आहेस. नीलला काढलं असतं तर..." वाक्य तिथंच राहिलं. मीनल उठून मुलाच्या मागे जाऊन उभी राहिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तन्मयनं तो झटकला नाही.

 मग चारुदत्तनं मोबाइल काढला. मिस्टर गोहना फोन लावला, आणि सगळ्यांसमोर, अडखळत, इंग्रजीत सांगितलं. माईंना शब्द कळले नाहीत. पण तन्मयचा श्वास सुटलेला कळला, आणि नीलचं नाव घेताना चारुदत्तचा आवाज फाटलेला कळला. पेनल्ट्या जाणार होत्या, बहुतेक फायनलही. फोन ठेवून तो उठला, दाराकडे वळला.

"थांब," माई म्हणाल्या. त्यांनी त्याचं ताट उचललं, वर झाकण ठेवलं, आणि मग त्याच्याकडे बघून बोलल्या.

"त्या यंत्राला पोराच्या मायेनं चुकीचं शिकवलंस, तेवढं मी समजून घेईन. मीही आई आहे. पण गौरीचं पाऊल तुझ्या पायाखाली आलं, तर तू तिथंच गुडघे टेकून ते पुन्हा काढलंस. माझ्या नातवाचं नाव पायाखाली आलं, तर शुक्रवारपासून त्याच्यावर उभा राहिलास. उद्या सकाळी त्या कमिटीपुढे स्वतः जा, नीलला बरोबर घे, आणि त्याच्या समोर सगळं सांग, म्हणजे तोही शिकेल कुठं पडायचं नि कुठं उभं राहायचं. तिथून सरळ इकडं ये. ताट झाकून ठेवलंय. तोवर या घरातलं पाणीसुद्धा तुला नाही, चारू."